‘इसम’ या शब्दाशी माझं वैर

भात पिवळं पडू लागलं की मी चिडका होतो. घरात हे सगळ्यांना ठाऊक आहे. बायको चहाचा कप पुढे सरकवते आणि दुसऱ्या खोलीत निघून जाते. मुलगा फोनवर विचारतो, कापणी सुरू झाली का, म्हणजे त्याला विचारायचं असतं की बाबांचा पारा चढला का.

किन्हवलीच्या आसपास या दिवसांत हवा फार सुंदर असते, असं लोक म्हणतात. असेलही. सकाळी शेतांवर पातळ धुकं असतं, दहा वाजता ऊन टोचायला लागतं, आणि कापलेल्या भाताचा ओलसर, गोडूस वास बांधाबांधावरून घरात शिरतो. मधूनच परतीचा पाऊस येतो आणि आडवं पडलेलं पीक भिजवून जातो. मग लोक आभाळाला शिव्या देतात. मला आभाळाबद्दल तक्रार नाही. मला तो वासच सोसत नाही. खिडक्या लावून घेतल्या तरी तो येतो, आणि त्याच्याबरोबर महामार्गाच्या कडेची एक सकाळ येते.

यंदा त्यात भर पडली. शहापूरच्या एका वाचनालयात जुन्या वर्तमानपत्रांचे आणि मासिकांचे गठ्ठे आहेत. दोऱ्यानं शिवलेले, कसर लागलेले, हात लावला की कडांचा भुगा होणारे. त्यांचे फोटो काढून संगणकात ठेवायचं ठरलं. कोणत्या पानावर काय आहे याची यादी करायला जुनी भाषा वाचणारं माणूस हवं होतं. मी निवृत्त शिक्षक, आणि इथल्या एका साप्ताहिकाचा पंचवीस वर्षं वार्ताहर. मलाच बोलावलं. मीही गेलो. घरात बसून तो वास घेण्यापेक्षा कागदाचा कुबट वास बरा, असा माझा हिशोब होता.

दुसऱ्या आठवड्यात तो शब्द दिसायला लागला. म्हणजे तो आधीपासून होताच, पण एकदा दिसला की मग पान उलटावं आणि तो समोर यावा असं झालं. इसम. तीन अक्षरं.

सगळ्यात जुन्या मासिकांत हा शब्द तसा सज्जन होता. गोष्टी त्याच्यापासून सुरू व्हायच्या, एका गावी एक इसम राहत असे म्हणून. जाहिरातींत त्याला मागणी होती. औषधाच्या दुकानात इंग्रजी जाणणारा इसम पाहिजे असायचा, शाळेला तालीम शिकवणारा इसम पाहिजे असायचा. सरकारी जाहीरनाम्यात त्याच्या मागे ‘सदरहू’ लागलं. तिथून पुढे त्याची घसरण मी पानापानावर पाहिली. ज्याचं पाकीट मारलं गेलं तो गृहस्थ आणि ज्यानं मारलं तो इसम. पायात बूट असला तर गृहस्थ, अनवाणी असला तर इसम. विहिरीत पडलेला, झाडावरून पडलेला, साप चावलेला, दारू पिऊन नाल्यात सापडलेला, सगळे इसम. मोठ्या घरचा कुणी गेला तर त्याच्या नावाआधी कैलासवासी आणि नावानंतर चार ओळी. मजूर गेला तर इसम. बायकांना तर तेवढाही शब्द नव्हता, त्या कुणाच्या तरी पत्नी होत्या.

एके दुपारी वाचनालयातला जाड शब्दकोश काढून पाहिला. शब्द अरबीतून आलेला. मूळ अर्थ दिला होता, नाव. बाकी काही नाही, नुसतं नाव. ज्याचं नाव लिहायचं नाही त्याच्यासाठी आपण जो शब्द ठेवला, त्याचा मूळ अर्थ नाव. कुणाला यात गंमत वाटेल. मला तो कोश भिंतीवर आपटावासा वाटला. शेजारी फोटो काढणाऱ्या मुलीनं विचारलं, सर, पाणी देऊ का.

हा राग त्या शब्दावरच होता असं म्हणणं सोपं आहे. पण शब्द आपण होऊन कागदावर चढत नाही. त्याला कुणीतरी लिहावं लागतं, आणि पंचवीस वर्षं तो मी लिहिला.

ती सकाळ दिवाळीच्या सुट्टीतली. वीसेक वर्षं झाली असतील. मी किन्हवलीहून एसटीनं शहापूरला चाललो होतो. खिशात वही, वहीत आठवड्याच्या बातम्या. साप्ताहिकाची पानं दुपारी एकला बंद व्हायची. महामार्गाजवळ एसटी थांबली, कारण पुढे गर्दी होती. मी उतरून पाहिलं. रस्त्याच्या कडेला एक माणूस पडला होता. कुठल्या तरी गाडीनं उडवलं होतं आणि गाडी निघून गेली होती. कुणीतरी त्याच्यावर गोणपाट टाकलं होतं. बाहेर राहिलेल्या उजव्या हाताची करंगळी अर्धीच होती, पण ती जखम जुनी होती, कधीतरी विळ्यानं गेलेली. शेजारी फडक्यात गुंडाळलेला विळा आणि एक पिशवी. पिशवीतून नव्या कोऱ्या बायकी चपला बाहेर आल्या होत्या. तो स्वतः अनवाणी होता.

गर्दीत कापणीवाल्या बायकांचा एक घोळका होता. त्यांचा टेम्पो पलीकडे उभा होता आणि ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. त्यातली एक माझ्या हातातली वही पाहून पुढे आली. तिनं त्या माणसाचं नाव सांगितलं, बापाचं नाव सांगितलं, आडनाव आणि गावही सांगितलं. मुरबाड तालुक्यातलं, डोंगराच्या कुशीतलं गाव. खर्डीला एका शेतावर ते सगळे पंधरा दिवस कापणीला होते, काम संपलं म्हणून तो घरी निघाला होता. लई गप मानूस, असं ती म्हणाली. मग म्हणाली, “लिवून घ्या तुमी. आमाला थांबता नाय येत.” मी लिहून घेतलं. तिनं मान वाकवून मी लिहितोय ना ते पाहिलं. तिला वाचता येत नसावं, पण पेन हलताना पाहून तिचं समाधान झालं. टेम्पो गेला.

नंतर मी नेहमीप्रमाणे पोलिसांकडे रोजच्या नोंदी घ्यायला गेलो. त्यांच्यापर्यंत ते नाव पोचलं नव्हतं, कारण कापणीवाल्या बायका गेल्या होत्या आणि दुसऱ्या कुणाला माहीत नव्हतं. नोंदीत होतं, अनोळखी इसम, वय अंदाजे चाळीस, अंगात पांढरा सदरा, उजव्या हाताची करंगळी अर्धी. मी ते उतरवून घेतलं. त्याच वहीच्या मागच्या पानावर नाव होतं. मी ते बोललो नाही.

का बोललो नाही, याची उत्तरं मी वर्षानुवर्षं तयार केली. त्यातलं एक खरं आहे. त्याच्या दोन वर्षं आधी मी एका अपघाताच्या बातमीत ऐकीव नाव छापलं होतं, आणि ज्याचं नाव छापलं तो धडधाकट माणूस दहा नातेवाईक घेऊन कचेरीत आला होता. संपादकांनी मला सगळ्यांसमोर उभं करून त्याची माफी मागायला लावली. त्यानंतर त्यांचा दंडक होता, कागदावर असेल तेवढंच लिहायचं. हे खरं. पण दंडक छापण्याबद्दल होता, पोलिसांना सांगण्याबद्दल नव्हता. सांगितलं असतं तर थांबावं लागलं असतं, चार प्रश्नांना उत्तरं द्यावी लागली असती. पाऊण वाजला होता. पानं एकला बंद होणार होती, आणि मग मला मुलाला दिवाळीचे कपडे घ्यायचे होते. कुणीतरी येईल, ओळख पटेल, पोलीस शोधतीलच, असं मनाशी म्हणून मी वही खिशात ठेवली.

बातमी चार ओळींची आली. चपलांचं मी लिहिलं होतं, ते जागेअभावी कापलं गेलं. तीन दिवस वाट पाहून त्याचे अंत्यसंस्कार सरकारी रीतीप्रमाणे झाले. हे मला नंतर कळलं. कळलं तेव्हा आमच्याकडे फराळाला पाहुणे आले होते.

महिन्याभरानं, झोडणीच्या दिवसांत, एक बाई आमच्या अंगणात आली. उन्हातून चालत आलेली, तिशी-पस्तिशीची, लुगडं गुडघ्यापर्यंत धुळीनं माखलेलं. मी आधी पायांकडे पाहिलं. त्या चपला मी ओळखल्या.

तिचं नाव चांगुणाबाई. नवरा दिवाळीला येणार होता, आला नाही. तिनं आठ दिवस वाट पाहिली, मग खर्डीला जाऊन शेतमालकाला विचारलं. तो म्हणाला, कधीच गेला. परत येताना एका चहावाल्यानं तिला अपघाताचं सांगितलं आणि आमच्या साप्ताहिकाचा तो अंक शोधून दिला, बातमी देणाऱ्या गुरुजींचं घरही सांगितलं. कुणीतरी तिला वाचून दाखवलं. अर्ध्या करंगळीपाशी तिला कळलं. पोलिसांनी फोटो दाखवला, विळा आणि चपला दिल्या. एवढं सगळं तिनं ओट्याच्या पायरीवर बसून सांगितलं. माझ्या बायकोनं पाण्याचा तांब्या ठेवला होता, त्याला तिनं हात लावला नाही.

तिच्या येण्याचं कारण वेगळंच होतं. गावात तिचा दीर म्हणत होता, भाऊ मेलेला नाही, मजुरी घेऊन मुंबईला पळाला, तिकडे कुणीतरी ठेवली असणार. फोटोतला सुजलेला चेहरा कुणाचाही असेल. पेपरात तर अनोळखी लिहिलंय. म्हणून त्यानं भावाचे दिवस घालू दिले नाहीत. आणि लोकांना मेलेल्या नवऱ्यापेक्षा पळालेला नवरा चघळायला बरा वाटतो. दीर चार बुकं शिकलेला होता, छापलेलं त्याला खरं वाटे. तेव्हा पेपरात नाव छापून द्या, असं तिचं म्हणणं.

मी विचारलं, नाव काय त्यांचं. विचारताना माझा आवाज सरळ होता, याची मला आजही शरम वाटते.

ती म्हणाली, नाव मी घेत नाय, गुरजी. आणि कमरेच्या पिशवीतून रेशनकार्ड काढून पुढे केलं. मी ते हातात घेतलं आणि पहिल्यांदाच वाचतोय असं दाखवत वाचलं. वहीतल्या नावाशी अक्षर न अक्षर जुळत होतं. कापणीवालीनं एकही चूक केली नव्हती.

मग तिनं माझ्या तोंडाकडे पाहून विचारलं, “त्याला तितं कुनी वळखलं व्हतं का?”

मी नाही म्हणालो.

ती म्हणाली, “मंजे परक्यात मेला.”

त्या क्षणी मी खरं बोललो असतो तर ती मला मारायला धावली असती कदाचित. धावू द्यायला हवं होतं. मी मान खाली घातली. तिला वाटलं असेल गुरुजींना वाईट वाटतंय.

मी संपादकांकडे गेलो. ते म्हणाले, महिन्यापूर्वीची बातमी, आता कोण वाचणार, शिवाय पोलिसांच्या कागदावर नोंद बदलली असेल तर नक्कल आणा. मी नक्कल आणायला गेलो नाही. नक्कल मागितली असती तर ओळख आधी कशी पटली नाही हा विषय निघाला असता, आणि मला त्या विषयाच्या जवळपासही जायचं नव्हतं. चांगुणाबाई आणखी दोनदा आली. दुसऱ्यांदा मी तिला पुढच्या अंकात बघू म्हणालो. तिसऱ्यांदा ती अंगणात उभीच राहिली, पायरीवरही बसली नाही. तिनं एवढंच विचारलं, “गुरजी, तुमी पोरांना नाव लिवायलाच शिकिवता ना?” उत्तराची वाट न बघता ती निघाली. पुन्हा आली नाही.

मी वार्ताहरकी पुढेही दहा-बारा वर्षं केली. शब्दाला कंटाळलो, पण तो सोडला नाही. कधी ‘व्यक्ती’ लिहिलं, कधी ‘प्रौढ’. संपादक ते खोडून पुन्हा ‘इसम’ करत. सवय झाली की हात आपोआप तेच लिहितो. साप्ताहिक बंद पडलं, संपादक गेले. त्यांच्या बातमीत मीच त्यांच्या नावाआधी कैलासवासी लिहिलं.

यंदा वाचनालयात त्या वर्षाचा गठ्ठा उघडायची पाळी आली, तेव्हा मी तीन दिवस तो खाली ठेवला आणि वरचे गठ्ठे आधी घेतले. चौथ्या दिवशी फोटो काढणाऱ्या मुलीनंच तो काढून टेबलावर ठेवला. पान सापडायला वेळ लागला नाही. उजव्या कोपऱ्यात, एका लग्नाच्या अभिनंदनाच्या चौकटीखाली. चार ओळी. एवढ्या वर्षांत कागद तपकिरी झाला होता, अक्षरं मात्र काळीभोर. मुलीनं फोटो काढला. यादीत काय लिहू, असं तिनं विचारलं. मी म्हटलं, थांब, उद्या सांगतो.

घरी येऊन माळ्यावरची पेटी खाली काढली. वार्ताहरकीच्या सगळ्या वह्या मी ठेवल्या आहेत, त्यांचा काय उपयोग ते न कळूनही. ती वही सापडली. मागच्या पानावर नाव होतं, घाईघाईनं लिहिलेलं, खाली गाव. बायकोनं पाहिलं आणि विचारलं, हे कुणाचं? इतकी वर्षं माझ्याबरोबर राहून तिला हे माहीत नव्हतं. सांगितलं तेव्हा ती म्हणाली, तिला मी पाणी दिलं होतं, आणि उठून गेली.

सकाळी मी निघालो. किन्हवलीहून सरळगाव, तिथून मुरबाड, मुरबाडहून आतल्या गावाची एसटी. रस्ते आता चांगले झालेत. वाटेत डोंगरउतारावर नाचणी कापून ठेवलेली होती आणि खालच्या खाचरांतून भात उचलणं चाललं होतं. काही ठिकाणी मळणीचं मशीन धडधडत होतं. सगळ्या वाटेनं तो वास बरोबर होता. मी काय बोलायचं ते घोकत होतो. वाक्यं छान तयार झाली होती. पंचवीस वर्षं वाक्यंच तर केली.

गावाबाहेर खळी होती, शेणानं सारवलेली. एका खळ्यावर ती फळीवर पेंढ्या आपटत होती. केस पांढरे झाले होते, पण हात जोरात चालत होते. तिची सून मागे पेंढा रचत होती. शेजारच्या खळ्यावर एक म्हातारा सुपानं भात उफणत होता.

तिनं मला ओळखलं. काम न थांबवता म्हणाली, “गुरजी. मेले नाय अजून.”

ती स्वतःबद्दल म्हणत होती की माझ्याबद्दल, ते कळलं नाही. घोकलेली वाक्यं गेली. मी उभ्या उभ्याच म्हणालो, चांगुणाबाई, नाव माझ्याकडे होतं, त्याच सकाळी होतं.

तिनं हातातली पेंढी आपटली, झाडली, मागे टाकली. दुसरी घेतली आणि आपटली नाही.

“कुनी सांगितलं व्हतं?”

मी सगळं सांगितलं. कापणीवाली, टेम्पो, तिनं वाकून वहीत बघितलं ते. तो गप माणूस होता असं कापणीवाली म्हणाली, तेही सांगितलं. ते ऐकताना चांगुणाबाईच्या तोंडावर काहीतरी हललं. मग मी पोलिसांकडे गप्प बसलो ते सांगितलं, आणि ती माझ्या ओट्यावर आली तेव्हा खोटं बोललो तेही.

ती म्हणाली, मंजे तो परक्यात मेला नव्हता. हे ती मला म्हणाली नाही, खळ्याकडे बघून म्हणाली. मग तिची नजर माझ्याकडे वळली आणि त्यानंतर तिनं मला गुरुजी म्हटलं नाही.

“वही आनलीस?”

मी काढली.

“वाच.”

मी पान उघडलं आणि वाचलं. नाव, बापाचं नाव, आडनाव, गाव. हळू आवाजात, कारण शेजारी माणसं होती.

“मोठ्यानं वाच. शाळेत वाचतोस तसा.”

मी मोठ्यानं वाचलं. दुसऱ्यांदा. शेजारच्या खळ्यावरचं सूप थांबलं. सुनेनं वर पाहिलं, डोक्यावरचा पदर सारखा केला. तिसऱ्यांदा वाचायला तिनं सांगितलं नव्हतं, तरी मी वाचलं, कारण थांबलेलं ते सूप मला सहन होईना.

मग ती म्हाताऱ्याकडे वळली. तो तिचा दीर होता. सूप हातात धरून तसाच उभा होता, भात वाऱ्यावर एका बाजूला पडलं होतं.

“ऐकलंस?” ती म्हणाली.

तो म्हणाला, मला काय ठावं. वय झालेल्या माणसाचा घोगरा आवाज होता. ती म्हणाली, आता ठावं झालं ना. तो खाली बसला. सूप त्यानं बाजूला ठेवलं आणि पडलेलं भात हातानं गोळा करायला लागला, दाणा दाणा, जसं काही त्याला दुसरं काही सुचत नव्हतं. ती त्याच्याकडे बघत राहिली. त्या नजरेत जिंकल्याचा आनंद नव्हता. वीस वर्षं ती या माणसाच्या शेजारच्या खळ्यावर भात झोडत आली होती.

तिनं माझ्यापुढे हात केला. मला वाटलं वही हवी. तिला ते पानच हवं होतं. मी ते फाडून दिलं. कागद फाटताना आवाज झाला. तिनं ते न बघताच चार घड्या करून पदराच्या टोकाला बांधलं, गाठ दोनदा ओढून पाहिली.

तेव्हा मी जे बोलायला आलो होतो ते बोललो. मी लिहीन म्हणालो. जुन्या बातमीबद्दल, त्या शब्दाबद्दल, आणि त्यांचं पूर्ण नाव घालून. लोक वाचतील. यादीतही त्या बातमीपुढे नाव टाकता येईल, संगणकात कायमचं राहील. हे बोलताना मला बरं वाटत होतं, हे मान्य करतो. वाटेत एसटीत घोकलेली वाक्यं आता परत आली होती.

तिनं मला बोलणं संपवू दिलं. मग म्हणाली, “तवा नाव तुझ्याकडं व्हतं. आता माझ्याकडं हाय. तू लिवायचं नाय.”

मी म्हणालो, पण तुम्हीच तर छापून मागत होता. ती म्हणाली, तवा मागत व्हते. तवा माझी पोरं लहान व्हती आन लोक त्यांना पळपुट्याची पोरं म्हनत. आता ती मोठी झाली. आता कुनासाठी छापतोस, तुझ्यासाठीच ना. एवढं बोलून तिनं पुन्हा पेंढी उचलली.

मी उभाच होतो. क्षमा मागायची राहिलीच होती. तिनं माझ्या पायांकडे पाहिलं आणि म्हणाली, पाय काढ, भातावर उभा हायस. मी मागे सरलो. तिनं पेंढी आपटली. दाणे फळीवरून उडून जिथे मी उभा होतो तिथपर्यंत आले.

मुरबाडची एसटी यायला दीड तास होता. मी फाट्यावर बसलो आणि तिच्यावर चिडलो. खरंच चिडलो. एवढ्या लांबून आलो, सगळं कबूल केलं, दीरापुढे तिची बाजू खरी ठरवली, आणि तिनं एक गोड शब्द काढला नाही, पाण्याचं विचारलं नाही. मग आठवलं की माझ्या ओट्यावर तिच्यापुढे पाणी होतं आणि ती प्याली नव्हती. राग तेवढ्यानं गेला नाही. तो अजूनही थोडा आहे. तिला बहुधा त्याची पर्वा नाही, आणि असावी तरी का.

एसटीत माझ्या शेजारी मुरबाडच्या बाजाराला निघालेला एक शेतकरी होता. त्यानं गप्पा मारायचा प्रयत्न केला, कुठून आलात, कोणाकडे गेला होतात. कोणाकडे, याचं उत्तर मला देता येईना. त्याला वाटलं मी तिरसट आहे. त्या दिवशी तो बरोबर होता.

दुसऱ्या दिवशी वाचनालयात त्या मुलीनं पुन्हा विचारलं, सर, त्या बातमीपुढे काय लिहू. यादीत विषयाचा रकाना होता. तिनं तयारीनं पेन हातात धरलं होतं, नव्या पिढीची मुलगी, प्रत्येक रकाना भरलाच पाहिजे असं वाटणारी. मी म्हटलं, अपघात लिही. ती म्हणाली, कुणाचा? मी म्हटलं, एवढंच लिही. तिनं लिहिलं, आणि पुढचं पान उलटलं. त्या पानावरही तो शब्द दोनदा होता. एक झाडावरून पडलेला, एक कालव्यात सापडलेला. त्यांची नावं कुणीतरी ऐकली असतील, कुठल्यातरी वहीच्या मागच्या पानावर लिहिलीही असतील. मी यादी पूर्ण केली. कुणाचंही नाव मला सापडलं नाही.

चांगुणाबाईनं सांगितलं ते मी पाळलं आहे. तिचं हे नावही खरं नाही. तिच्या नवऱ्याबद्दल लिहिताना हाताला तीच जुनी तीन अक्षरं सोयीची वाटत होती. वाक्यावाक्याला ती पुढे येत होती, आणि प्रत्येक वेळी ती खोडून मी ‘तो’ लिहिलं, ‘तिचा नवरा’ लिहिलं. वाचणाऱ्याला ते तोकडं वाटलं असेल. तोकडंच आहे. पुरं नाव ज्याला हवं असेल त्यानं डोंगराच्या कुशीतल्या त्या गावी जावं आणि झोडणी चालू असेल तेव्हा तिला विचारावं. ती सांगेलच असं नाही.